काका, ती दोन नावं छापली

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव कुठेही छापायचं नाही, ही अट पाळली आहे. आभार मानायचे नाहीत अशी अट तुम्ही घातली नव्हती, म्हणून हे पत्र चारचौघांत. मानधनाचं पाकीट तर चहा यायच्या आत तुम्ही परत केलंत, तेव्हा एवढं तरी चालवून घ्या.

दिवाळी अंक हातात आला. थोरल्या जॉर्ज बुश यांच्या पहिल्या बेचाळीस वर्षांवरचा, तुम्ही तपासून दिलेला लेख त्यात आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बुश नव्हेत. त्याआधीचा नौदलाचा वैमानिक, मग टेक्सासमधला तेलवाला आणि सहा मुलांचा बाप.

तुमच्यापर्यंत पोचण्याआधी हा मजकूर दोन जाणकारांच्या हातून गेला होता. पहिल्यांनी तो दोन महिने ठेवून घेतला आणि ऱ्हस्व-दीर्घ चोख करून परत दिला. 'रॉयल्टी'चं झालेलं 'राजघराणं' मात्र जागच्या जागी. दुसऱ्यांनी 'वाइल्डकॅट' या शब्दावर स्वतःच्या हाताने 'रानमांजर' लिहिलं आणि खाली 'उत्तम!' असा शेरा मारला. त्या हिशेबाने बुश आणि त्यांचे भागीदार टेक्सासातल्या मिडलंडच्या माळावर रानमांजरं खोदत होते. आज हसू येतं, पण ते छपाईला निघालं होतं.

तुम्ही मात्र 'राजघराण्या'च्या बाजूला समासात फक्त 'सातबारा' एवढंच लिहिलंत आणि सगळा गुंता सुटला. आपल्याकडे सातबारा नावावर असला तरी खालचं तेल सरकारचं. टेक्सासात वरची जमीन आणि खालचं खनिज या दोन वेगळ्या मालमत्ता. शेत एकाचं, तेल दुसऱ्याचं, असंही चालतं. बुश यांनी १९५१ मध्ये जॉन ओव्हरबींबरोबर काढलेली कंपनी याच फटीत धंदा करत होती. कुणी नव्या मुलखात चाचणीची विहीर खोदतोय असं कानावर आलं (तीच ती वाइल्डकॅट), की काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, कोर्टहाउसात जाऊन दप्तर उलगडायचं, आजूबाजूच्या जमिनीखालचं खनिज कुणाच्या नावावर आहे ते काढायचं आणि विहिरीचा निकाल लागायच्या आत मालकाचं दार ठोठवायचं. मग लीज, म्हणजे खोदायच्या हक्काचा मुदतीचा करार, करायचा. मालकाला एकरी रोख रक्कम आणि पुढे तेल लागलंच तर त्यातला हिस्सा, बहुधा आठवा, तोही खर्चाचा एक पैसा न कापता. हा हिस्सा म्हणजे रॉयल्टी. इथे घात होतो तो वारसांमुळे. खनिजाचे पाच वाटे झालेले असतात आणि एका भावाची सही राहून जाते. मुदतीत खोदकाम झालं नाही तर लीजही आपोआप सुटते. वाटणीच्या भांडणात हयात घालवणाऱ्या आपल्या गावांना हे समजावून सांगायला खरं तर रानमांजराची गरजच नव्हती.

१९५३ मध्ये ओव्हरबी आणि बुश यांनी ह्यू व बिल या लिडकी भावांबरोबर झपाटा पेट्रोलियम काढली. कोक काउंटीतल्या वेस्ट जेम्सन क्षेत्रात लांबलांब अंतरावर मोजक्या विहिरी चालू होत्या. त्या सगळ्या खाली एकाच साठ्याला लागल्या आहेत, हा ह्यू लिडकींचा अंदाज. पुढे तिथे शंभराहून जास्त विहिरी खोदल्या आणि एकही कोरडी गेली नाही. आमच्या मजकुरात याला 'बुश यांची दूरदृष्टी' म्हटलं होतं. तुम्ही ते खोडून 'लिडकींची' केलंत. श्रेय ज्याचं त्याला.

त्याच पानावर '१९५३ हे वर्ष त्यांना भरभराटीचं गेलं' असं वाक्य होतं. तुम्ही विचारलंत, "मुलगी कधी गेली?" रॉबिन ११ ऑक्टोबर १९५३ ला ल्युकेमियाने गेली. चार वर्षांची व्हायला दोन महिने उरले होते. मिडलंडच्या डॉक्टरांनी इलाज नाही, घरी न्या, असं सांगितल्यावरही आईबाप तिला न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयात घेऊन गेले. आमच्या लेखात कंपनी एका पानावर आणि मुलगी चार पानांनंतर होती. वर्ष एकच, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. २०१३ मध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी, आपल्या सुरक्षारक्षकाच्या ल्युकेमिया झालेल्या चिमुरड्यासाठी या माणसाने डोक्याचा गोटा केला. तो प्रसंग आता रॉबिनच्या परिच्छेदालाच जोडला आहे.

स्कॉर्पियनचा भाग वाचताना तुम्ही खुललात. झपाटाच्या समुद्रातल्या खोदकामाच्या कंपनीसाठी, झपाटा ऑफ-शोअरसाठी, आर. जी. लटर्नो यांनी बांधलेली ती जॅक-अप रिग, म्हणजे समुद्रतळावर पाय टेकून डेक पाण्यावर उचलणारं खोदकामाचं यंत्र, १९५६ मध्ये कामाला लागली. जाळीदार पोलादी पाय तीन आणि प्रत्येक पायावर दात्यांची पट्टी. विजेच्या मोटरींनी चालणारी दातेरी चाकं ती पट्टी पकडून पाय खाली सोडायची. तीनच पाय का, असं विचारल्यावर तुम्ही तिवईकडे बोट केलंत. तिवई ओबडधोबड जमिनीवरही डगमगत नाही, चौरंगाखाली मात्र कागदाची घडी लागते. पण तीन पायांची किंमतही तुम्हीच सांगितलीत. चार पायांत समोरासमोरच्या दोन पायांवर भार टाकून तळ दाबता येतो. तीन पायांत ती सोय नाही, म्हणून रिगच्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरायचं, त्या वजनाने पाय तळात रुतवायचे, बसणं थांबेपर्यंत वाट बघायची, मग पाणी सोडून द्यायचं आणि डेक लाटांच्या माथ्याच्या वर उचलायचा. घाई केली तर? वर कडक थर आणि खाली लोण्यासारखी माती असली, की एक पाय अचानक भसकन आत जातो आणि सगळी रिग कलते. परत निघतानाही चिकणमाती पाय सोडत नाही. पाण्याचे फवारे मारून तो सोडवावा लागतो. १९७४ मध्ये सागर सम्राटने बॉम्बे हायवर तेल गाठलं ती जातही हीच, जॅक-अपची. आमच्या मसुद्यात हे सगळं मिळून 'पाय असलेलं जहाज' एवढंच होतं.

पण काका, पत्र लिहायला बसवलं ते तिसऱ्या पानावरच्या तुमच्या एका वर्तुळाने.

२ सप्टेंबर १९४४. सॅन जसिंटो या विमानवाहू नौकेवरून बुश यांचं ॲव्हेंजर विमान चार ५०० पौंडी बाँब घेऊन चिचीजिमा या जपानी बेटाच्या रेडिओ केंद्रावर निघालं. विमानवेधी तोफांनी ते पेटलं, तरी बुश यांनी बाँब टाकले आणि ते समुद्राकडे वळले. आमचं वाक्य असं होतं: 'त्यांचे दोन सहकारी मात्र वाचू शकले नाहीत.' तुम्ही 'दोन सहकारी' भोवती वर्तुळ काढलंत आणि लिहिलंत, 'नावं?' मान वर न करताच म्हणालात, "आमच्या रिपोर्टातही 'दोन कामगार' असंच असायचं," आणि पान उलटलंत.

जॉन डेलनी, रेडिओमन. विल्यम व्हाइट, लेफ्टनंट, त्या दिवशी नेहमीच्या तोफचीच्या जागी हौसेने आलेले. ही नावं लिहायला घेतल्यावर लक्षात आलं की त्यांच्या जागा न सांगता प्रसंग कळतच नाही. ॲव्हेंजरमध्ये वैमानिक पुढे एकटा असतो. रेडिओमन विमानाच्या पोटात, तोफची वरच्या घुमटात. आणि घुमट इतका अरुंद की पॅराशूट अंगावर ठेवून बसता येत नाही. खाली उतरायचं, पॅराशूट अडकवायचं, मग उजव्या बाजूच्या दारातून उडी. पेटत्या विमानात एवढं सगळं. त्या दारावर वाऱ्याचा रेटा असतो, म्हणून बुश यांनी विमान उजवीकडे वळवलं, म्हणजे दार उघडायला सोपं जावं. मग स्वतः उडी मारली. डोकं शेपटीवर आपटलं, पॅराशूट फाटलं. आणखी एकजण बाहेर पडलेला दिसला, त्याचं पॅराशूट उघडलंच नाही. डेलनी की व्हाइट, ते आजवर ठरलेलं नाही. बुश यांना काही तासांनी फिनबॅक पाणबुडीने रबरी तराफ्यावरून उचललं आणि पुढचा महिनाभर ते तिच्यातच होते, कारण पाणबुडी गस्त सोडून कुणाला घरी पोचवायला जात नाही.

ते वळण आमच्या मसुद्यात नव्हतं. नावं नव्हती म्हणून दार नव्हतं, आणि दार नव्हतं म्हणून वळणही नव्हतं. आधीच्या दोघांनी हेच वाक्य वाचलं होतं. एकांनी त्यात स्वल्पविराम घातला होता.

माणसं अशी असतात हेही बरं आहे. बुश यांना तेलाच्या धंद्यातली पहिली नोकरी देणारे नील मॅलन, त्यांचं नाव बुश यांनी आपल्या मुलाला ठेवलं. कुणी उपकार बोलून फेडतो, कुणी नाव ठेवून. तुम्ही तर दुसऱ्यांची नावं शोधायला लावून आपलं काढून घेतलंत.

शेवटचं पान तुम्ही मला दारात उभं राहून दिलंत. त्यावर फक्त एक बाण होता, वाक्याच्या शेपटीपासून तोंडापर्यंत. बेट्सी वादळाच्या त्या वाक्यात आधी झपाटाच्या बुडालेल्या रिगची किंमत होती, मग विमा, आणि माणसं सगळ्यात शेवटी. बाण पाळला आहे. आता ते वाक्य असं आहे: 'माणसं आधीच उतरवली होती, सप्टेंबर १९६५ च्या त्या वादळात मॅव्हरिक रिग गेली ती अशी, की बुश विमानातून समुद्र धुंडाळत राहिले तरी तिचा मागमूस लागला नाही.'

किंमत काढून टाकली.

कळावे, लोभ असावा.
आपली,
संपादक