यामाशिताला एक माप, कोस्टरला दुसरे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘युद्धातील गुन्ह्यांना कायदा माफ करत नाही’ असे आपला कालचा अग्रलेख सांगतो आणि पुरावा म्हणून व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैनिकांनी माय लाय या खेड्यात केलेल्या गावकऱ्यांच्या हत्याकांडात ‘दोषी अधिकाऱ्याला जन्मठेप झाली’ असे एका वाक्यात उरकतो. हा अधिकारी म्हणजे लेफ्टनंट कॅली, अधिकाऱ्यांच्या उतरंडीतला जवळजवळ शेवटचा. आणि अध्यक्ष निक्सन यांच्या कृपेने त्याची जन्मठेप साडेतीन वर्षांच्या आसपास, तीही बहुतांशी राहत्या घरात, संपली.

१६ मार्च १९६८ च्या त्या सकाळी ह्यू थॉम्पसन या वैमानिकाने गावकरी आणि आपलेच सैनिक यांच्यामध्ये हेलिकॉप्टर उतरवले आणि सैनिकांनी गोळ्या झाडल्या तर त्यांच्यावर बंदूक चालवा, असे साथीदारांना बजावले. त्याच आकाशात डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल कोस्टर यांचेही हेलिकॉप्टर होते. थॉम्पसनला जे दिसले ते त्यांना दिसले नसावे. उंचीवरून कमी दिसते म्हणतात! प्रकरण दडपल्याचे त्यांच्यावरील आरोप खटला उभा राहण्यापूर्वीच मागे घेतले गेले. एक हुद्दा खाली आला, एक पदक गेले, हिशेब मिटला.

याच अमेरिकी लष्कराने २३ फेब्रुवारी १९४६ रोजी जपानी जनरल यामाशिताला फाशी दिले होते. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैनिकांनी मनिलात केलेल्या कत्तलीचा हुकूम त्याने दिल्याचे सिद्ध झाले नव्हते. हाताखालच्यांना आवरले नाही, एवढेच पुरेसे ठरले. पंचवीस वर्षांनी कॅलीचा वरिष्ठ कॅप्टन मेदिना याच्या खटल्यात मात्र त्याला प्रत्यक्ष माहिती होती हे सिद्ध झाले पाहिजे, असे न्यायाधीशांनी बजावले आणि तो निर्दोष सुटला. हरलेल्या जनरलला लावलेले माप घरच्या कॅप्टनलाही लागू पडले नाही, तर त्याच्या वरच्यांची गोष्टच सोडा.

गेल्या महिन्यात याच विषयावर मी पाठवलेल्या पत्रातून आपण मेदिनाचा भाग ‘जागेअभावी’ गाळलात. परिणामी मी यामाशिताचा कैवारी ठरलो आणि दोन वाचकांनी आपल्याच सदरातून मला देशोदेशीच्या कत्तलींचे समर्थक म्हटले. माझा खुलासा अद्याप छापून आलेला नाही. या वेळीही कात्री चालवावीच लागली, तर कृपया ती लेफ्टनंटवर चालवावी. तशी रीत आहेच.

आपला,
एक जुना वर्गणीदार