मैदानावर जायचं नाही म्हणतेस, तर

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू एका दमात दोन गोष्टी बोललीस. "मला खो-खो जमतच नाही" आणि "ट्रॅकपँटमध्ये मी जाड दिसते." आत्या शेजारीच बसली होती, म्हणून तेव्हा मी विषय वाढवला नाही. पण या दोन गोष्टींची तू एकच मोट बांधली आहेस, ती मला सोडायची आहे.

आम्हाला बी.पी.एड.ला, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीला, सुझन हार्टर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंची १९८५ सालची प्रश्नावली होती. 'तू खेळात चांगली आहेस का?' असं सरळ विचारलं, तर मुलं मोठ्यांना आवडेल तेच सांगतात. म्हणून बाई दोन प्रकारची मुलं समोर ठेवतात. काहींना खेळ छान जमतात, काहींना आपल्याला जमतात असं वाटत नाही. यातली तू कुणासारखी? आणि अगदी तशीच, की थोडीफार तशी? यात खेळातलं कौशल्य वेगळं धरलंय, दिसणं वेगळं आणि 'मी मला आवडते का' हे त्याहून वेगळं. या शेवटच्या उत्तराशी सगळ्यांत घट्ट जोडलेलं निघालं ते दिसणं. तेव्हा तुला त्याचं एवढं वाटतं, यात तुझा वेडेपणा काही नाही.

आपल्या बाळ्याला बघ. शर्यतीत शेवटून पहिला येतो आणि तरी गल्लीत आपणच सगळ्यांत जोरात पळतो म्हणून सांगत फिरतो. आठ-नऊ वर्षांपर्यंत बहुतेकांचं असंच चालतं. मग मुलं एकमेकांकडे बघून स्वतःला मापायला लागतात. तुझ्या बाबतीत त्यात आणखी एक भर पडली आहे. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सगळ्यांत झपाट्याने वाढते, आणि तीही सगळीकडे एकदम नाही. आधी पावलं, मग पाय, धड मागाहून. कमरेला भरतं तेही याच काळात, आणि ते भरायलाच हवं. गेल्या वर्षीचा अंदाज घेऊन पळालीस तर खांबाजवळ पाऊल चुकणारच. ते 'जमत नाही' नव्हे, वाढलेल्या पायांचा नवा हिशेब अजून बसलेला नाही, एवढंच. पण जमत नाही म्हणून जायचं बंद केलंस, की सराव तुटतो. सराव तुटला, की खरोखरच मागे पडतेस. मग आरशासमोरचं मत आणखी पक्कं होतं.

माझ्या शाळेत सातवीत एक मुलगी आहे, अंगाने चांगली भरलेली. पहिले काही आठवडे ती खांबाला वळसा घेताना हात आखडायची, मग वेगाने बाहेर फेकली जायची. तिला म्हटलं, पंजाने धरू नकोस, कोपर खांबात अडकव आणि अंग बाहेर झोकून दे. एके दिवशी जमलं. त्या दिवसापासून ओढणी गळ्याशी ओढून कोपऱ्यात उभं राहणं संपलं. वजन होतं तेवढंच आहे, मी विचारलेलंही नाही. हल्ली येऊन सांगते, "बाई, आज खांब सुटला नाही."

खेळाने हेच होतं, सई. 'कशी दिसते' या प्रश्नाशेजारी 'काय करू शकते' हा दुसरा प्रश्न येऊन बसतो. पहिला जात नाही, पण एकटा राज्य करत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिल्या खो-खो विश्वचषकात कप्तान प्रियांका इंगळेच्या भारतीय संघाने अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं, तेव्हा तू टीव्हीला चिकटून बसली होतीस. कोण जाड, कोण बारीक, एक शब्द बोलली नाहीस. बोलत होतीस ते गडी टिपायला मारलेल्या सुरांबद्दल.

मात्र मैदान आपोआप औषध होत नाही, हे मी शिक्षिका म्हणूनच सांगते. दोन कप्तान उभे करून एकेक गडी निवडायला लावायचा आणि शेवटी उरलेलीला सगळ्यांसमोर ताटकळत ठेवायचं, वर्गापुढे वजनाचा आकडा मोठ्याने वाचायचा, असल्या तासाने मूल आयुष्यभर खेळाला पाठ दाखवतं. तुमच्याकडे असं होत असेल तर मला कळव. तुझ्या बाईंशी मी बोलेन, तुझं नाव न घेता.

आणि खो-खोच हवा असंही नाही. जागतिक आरोग्य संघटना तुमच्या वयाला दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते, आठवड्यातून किमान ३ दिवस हाडं-स्नायू बळकट करणारं काहीतरी. सायकल चालेल, दोरीच्या उड्या चालतील, आत्याच्या गच्चीवर दार लावून नाचलीस तरी चालेल. पाळीच्या दिवसांत काय करायचं ते स्वतःच्या अंगाला विचार, शेजारच्या काकूंना नको.

आत्याकडे बुटांचे पैसे दिलेत. संध्याकाळी जाऊन घे, दिवसभराने पाय थोडे फुगलेले असतात. दोन्ही पायांत घालून दुकानातच पळून बघ; दुकानदार बघत असला तर बघू दे.

तुझी,
आई