एमएस्सीला ऑरगॅनिक केमिस्ट्री घ्यायची की नाही: मित्राला पत्र

प्रिय मित्रा,

तुझा व्हॉइस मेसेज पूर्ण ऐकला. चॅटवर उत्तर देत बसलो तर अर्धवटच राहील, म्हणून सरळ पत्र लिहायला घेतलंय, निवांत वाच. तू म्हणतोस की एमएस्सी केमिस्ट्रीच्या पार्ट टूला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला, ॲनालिटिकल घे, नोकरी लवकर लागते, असं घरचे आणि क्लासवाले दोघंही म्हणतायत, आणि तुलाही वाटतं की ऑरगॅनिक, म्हणजे कार्बनच्या संयुगांची केमिस्ट्री, म्हणजे नुसती घोकंपट्टी, ढीगभर नेम रिॲक्शन, म्हणजे शोधणाऱ्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रिॲक्शन, पाठ करायच्या आणि पेपरात ओतायच्या. नोकरीचं पुढे लिहितो, पण घोकंपट्टीच्या भीतीने तू ऑरगॅनिक सोडणार असशील तर मला ते अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही ते एका रिॲक्शनवरून सांगतो.

बीएस्सीला आपल्याला ऑरगॅनिक तसंच शिकवलं हे खरंय. बाणावर रिएजंट, बाणाखाली टेम्परेचर, उजवीकडे प्रॉडक्ट, की लगेच पुढची रिॲक्शन. एमएस्सीला आल्यावर पहिल्यांदा कळलं की प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा असतो, इलेक्ट्रॉन कुठे जास्त आहेत आणि ते कुठे जायला बघतायत. तेवढं पक्कं झालं की नावं मागाहून आपोआप लक्षात राहतात.

आता बेकर-वेंकटरामन रीअरेंजमेंट घे. नाव ऐकूनच घाम फुटतो ना? आम्ही ती प्रॅक्टिकलला केली. ऑर्थो-हायड्रॉक्सी ॲसिटोफिनोन घ्यायचं, पिरिडीनमध्ये बेंझॉइल क्लोराइड घालून त्याच्या ओएचचा बेंझोएट एस्टर करायचा. म्हणजे आता एकाच रिंगवर शेजारी शेजारी दोन गोष्टी आल्या, एक सीएच-थ्री असलेला कीटोन आणि एक एस्टर. यात बेस घातला की बेस काय करणार? त्याला प्रोटॉन पाहिजे, आणि सगळ्यात सहज निघणारा प्रोटॉन कीटोनच्या शेजारच्या सीएच-थ्रीचा. तो निघाला की इनोलेट झालं, म्हणजे जास्तीचे इलेक्ट्रॉन असलेला निगेटिव्ह आयन, त्याला इलेक्ट्रोफाइल, म्हणजे इलेक्ट्रॉन घेणारी जागा, पाहिजे, आणि ती हाताशीच आहे, शेजारच्या एस्टरचा कार्बोनिल, म्हणजे सी-डबल-बाँड-ओ. हल्ला केला की मधे सहा अणूंची रिंग तयार होते, ती सोयीचीच, मग फिनॉक्साइड सुटतो आणि बेंझॉइल ग्रुप ऑक्सिजनवरून कार्बनवर आलेला असतो. झालं, वन-थ्री डायकीटोन, म्हणजे मधे एक कार्बन सोडून दोन कीटोन. आता यात पाठ काय करायचं होतं सांग? एस्टरच्या दोन सुट्या मॉलिक्यूलमध्ये हेच घडलं की आपण क्लेझन म्हणतो, एकाच मॉलिक्यूलमधल्या दोन एस्टरमध्ये घडलं की डीकमन, आणि इथे कीटोनचा इनोलेट शेजारच्या एस्टरवर गेला म्हणून बेकर-वेंकटरामन. तीन नावं, तीन पानं, आतला विचार एकच. बेस पूर्ण एक इक्विव्हॅलंट, म्हणजे मॉलिक्यूलला मॉलिक्यूल, तरी का लागतो तेही तिन्हीत सारखंच, कारण शेवटी दोन कार्बोनिलच्या मधला प्रोटॉन एवढा ॲसिडिक असतो की बेस तो काढतोच, आणि त्यानेच सगळी रिॲक्शन पुढे ओढली जाते.

हे फळ्यावर कळलं होतं, पण हाताने केल्यावर जे वाटलं ते वेगळंच. एस्टर पिरिडीनमध्ये विरघळवून साधारण 50 डिग्रीला ठेवायचा आणि खलबत्त्यात कुटलेलं केओएच, म्हणजे आपला बेस, पटकन टाकून ढवळायचं, पटकन अशासाठी की ते हवेतलं पाणी ओढतं आणि हातातच चिकट होतं. थोड्या वेळात पिवळं व्हायला लागतं, मग घट्ट, एवढं घट्ट की काचेची कांडी फिरवायला जोर लावावा लागतो, तो डायकीटोनचा पोटॅशियम सॉल्ट. म्हणजे आत्ता वर लिहिलं ना, शेवटचा प्रोटॉन बेस काढतो, तोच टप्पा डोळ्यासमोर पिवळा होऊन दिसत असतो! मग थंड करून ॲसिटिक ॲसिड घातलं की डायकीटोन खाली बसतो, तो ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड आणि थोड्या सल्फ्युरिकमध्ये गरम केला की एक पाण्याचा मॉलिक्यूल जाऊन रिंग बंद होते आणि बर्फावर ओतल्यावर फ्लेव्होन मिळतं, तेच आपल्याला हवं असलेलं शेवटचं प्रॉडक्ट.

आणि एनएमआर, म्हणजे मॉलिक्यूलमधला प्रत्येक हायड्रोजन कुठे बसलाय ते आलेखावर पीकने दाखवणारी तपासणी! सुरुवातीच्या एस्टरचा सीएच-थ्री त्या आलेखाच्या पट्टीवर अडीच पीपीएमच्या आसपास उभा असतो, डायकीटोनमध्ये तो पार गायब, आणि पार डावीकडे, 15 पीपीएमच्याही पुढे एकटाच एक पीक. तो इनॉलचा, म्हणजे डायकीटोनच्याच ओएचवाल्या रूपाचा, प्रोटॉन, दोन ऑक्सिजनच्या मधे हायड्रोजन बाँडने धरलेला. फिनॉलचा दुसरा 12 च्या आसपास. मी ते प्रिंटआउट वहीत चिकटवून ठेवलंय. कागदावर ॲरो काढून जे म्हणत होतो ते खरंच फ्लास्कमध्ये घडलं, याचा पुरावा हातात असतो रे, हे सुख मला दुसऱ्या कुठल्या पेपरमध्ये मिळालेलं नाही.

यातले वेंकटरामन म्हणजे के. वेंकटरामन. हे काम त्यांनी 1930 च्या दशकात लाहोरला असताना केलं, बेकरने इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे. नंतर ते मुंबईच्या यूडीसीटीचे, म्हणजे आजच्या आयसीटीचे, पहिले भारतीय डायरेक्टर झाले आणि 1957 मध्ये पुण्याच्या एनसीएलचे, म्हणजे नॅशनल केमिकल लॅबोरेटरीचे, पहिले भारतीय डायरेक्टर. एनसीएल आहे त्या पाषाण रोडवरून आपण किती वेळा गेलोय. आपल्याला बीएस्सीला हे कुणीच सांगितलं नाही, आणि मला वाटतं सांगायला पाहिजे होतं.

दुसरी गोष्ट रेट्रोसिंथेसिस. शेवटचा मॉलिक्यूल समोर ठेवायचा आणि उलटं तोडत मागे जायचं, हा बाँड कशाने आला असेल, त्याच्या आधी काय असेल, असं करत बाजारात मिळणाऱ्या साध्या केमिकलपर्यंत. ई. जे. कोरी या अमेरिकन केमिस्टला 1990 चं नोबेल याच पद्धतीसाठी मिळालं. सुरुवातीला डोकं चालत नाही, मग हळूहळू नजर बसते. आयबुप्रोफेन हे दुखण्यावरचं औषध बघ. बूट्स कंपनीचा जुना रूट, म्हणजे बनवायचा मार्ग, सहा स्टेपचा, वापरलेल्या अणूंपैकी साधारण 40 टक्केच औषधात यायचे, बाकी कचरा. नंतरचा बीएचसी रूट, ज्याचा प्लांट 1992 मध्ये टेक्सासमध्ये सुरू झाला, तीन स्टेपचा आणि 77 टक्के. गंमत अशी की पहिली स्टेप दोन्हीत तीच, आयसोब्युटिलबेंझिनचं फ्रीडेल-क्राफ्ट्स, म्हणजे बेंझिन रिंगवर नवा कार्बन ग्रुप जोडणं. फरक नंतरच्या विचारात आहे.

आणि हे फक्त परीक्षेपुरतं नाहीये. 1970 च्या पेटंट कायद्याने आपल्याकडे औषधाच्या मॉलिक्यूलवर पेटंट द्यायचं बंद केलं, फक्त बनवायच्या पद्धतीवर ठेवलं. म्हणजे वेगळा रूट काढला की तेच औषध आपण बनवू शकत होतो, आणि तो रूट काढणारी माणसं ऑरगॅनिकवालीच. 2005 मध्ये मॉलिक्यूलवरचं पेटंट परत आलं, पण तोवर इंडस्ट्री उभी राहिली होती. 2001 मध्ये मुंबईच्या सिप्लाने एचआयव्हीचं तीन औषधांचं कॉम्बिनेशन एका पेशंटमागे वर्षाला 350 डॉलरला द्यायची तयारी दाखवली, तेव्हा तोच उपचार पाश्चात्त्य देशांत 10 हजार डॉलरच्या वर होता. आफ्रिकेतली लाखो माणसं या सगळ्यामुळे जगली. मला याचा मनापासून अभिमान वाटतो, तुलाही वाटावा.

आता नोकरी. क्यूसीमध्ये, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात, एचपीएलसी या तपासणीच्या मशीनवर बसायला ॲनालिटिकलवाल्याला लवकर घेतात, हे खरंय, घरचे चुकीचं सांगत नाहीयेत. पण आर अँड डी आणि प्रोसेस डेव्हलपमेंटला सिंथेसिस येणारा माणूस लागतो, कुरकुंभ, महाड, तारापूर कुठल्याही केमिकल एमआयडीसीत बघ. तिथे शिफ्ट असतात, सॉल्व्हंटचा वास असतो, आणि सुरुवातीचा पगार फार नसतो. लॅबचंही बघून घे, कॉलेज ठरवायच्या आधी स्वतः जाऊन फ्यूम हूड, म्हणजे वाफा बाहेर ओढणारी कपाटं, खरंच चालतात का ते विचार, कारण सगळीकडे चालत नाहीत आणि दिवसभर डीसीएम-पिरिडीनसारखी सॉल्व्हंट नाकात घेणं चांगलं नाही. हो, आणि ऑरगॅनिक घेतलं तरी फिजिकल, इनऑरगॅनिक सोडू नको, नेट या लेक्चररशिपच्या परीक्षेला तिन्ही लागतात.

एक काम कर. फॉर्म भरायच्या आधी एक रविवार मोकळा ठेव, गाइड बंद, मोबाइल बाजूला, आणि फ्लेव्होनपासून उलटं तोडत ऑर्थो-हायड्रॉक्सी ॲसिटोफिनोनपर्यंत ये, प्रत्येक ॲरो स्वतःच्या हाताने काढ. वहीचा फोटो पाठव, मी रात्री उशिरापर्यंत जागा असतो, अडलं तर सरळ फोन कर. त्यात मजा आली तर ऑरगॅनिक घे आणि घरच्यांशी बोलायला मीही येतो. मजा नाही आली तर ॲनालिटिकल घे, मला काही वाटणार नाही.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच मित्र