संद्या, ड्रायव्हरशी पैशाचं आधी बोल

प्रिय संद्या,

काल तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, मनालीचं बुकिंग झालं, काकू पण येतायत, जानेवारी एंड, सहा दिवस पाच रात्री. ऐकून भारी वाटलं आणि पोटात जरा गोळा पण आला. फोनवरच सांगितलं असतं पण तू मध्येच "हो रे हो" करतोस आणि बोलण्याची गाडी तुझ्या पाथर्डी फाट्याच्या प्लॉटवर नेतोस, म्हणून लिहितोय. सकाळचे सहा वाजलेत, इथे नाशिकला कॉलेज रोडवर बाहेर पाऊल टाकवत नाहीये एवढी थंडी, दुसरा चहा चालू आहे.

मागच्या फेब्रुवारीत आम्ही गेलो होतो त्याचे फोटो तू बघितलेत, पोरांचा तो बर्फाचा माणूस वगैरे. जे फोटोत नाही ते मी कुणाला नीट सांगितलंच नाही, कारण चूक माझी होती. अटल टनेलच्या पलीकडे सिस्सू म्हणून गाव आहे, तिथून परत येताना टनेलच्या अलीकडे, मनालीजवळच्या सोलंगच्या वरच्या अंगाला आम्ही गाडीत अडकलो. दुपारी तीन ते रात्री साडेअकरा. म्हणजे नाशिकहून निघून मुंबईला जेवून परत आलो असतो तेवढा वेळ, एका जागी, पोरांसकट.

आदल्या दिवशी सासऱ्यांचा फोन आला होता. त्यांची पिंपळगावला द्राक्षाची बाग, त्यामुळे आपण क्रिकेटचा स्कोअर बघतो तसा हा माणूस रोज हवामान बघतो. म्हणाले, "अहो, पश्चिमेकडून एक येतंय तिकडं, परवा वर जाऊ नका." मी हसलो, बरं बरं म्हटलं आणि फोन ठेवला. आता कळतं ते काय म्हणत होते. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून ओलावा घेऊन जी सिस्टीम येते ना, पश्चिमी झंझावात म्हणतात ती, ती हिमालयावर आदळली की काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडला बर्फ. आणि ती पुढे सरकली की मागून उत्तरेचं कोरडं गार वारं खाली येतं, मग दोन-तीन दिवसांनी आपल्या निफाडचा पारा घसरतो आणि लोक रात्रीच्या बागेत शेकोट्या पेटवत बसतात, मणी तडकू नयेत म्हणून. म्हणजे बर्फाची बातमी आमच्या सासऱ्यांना माझ्याआधी कळते ती अशी. मी मात्र मनालीत हॉटेलात बसून मोबाईलवर मनालीचं हवामान बघत होतो, तिथे नुसता ढग आणि त्याच्यामागे अर्धा सूर्य.

इथेच गोम आहे बघ. मनाली आहे कुलू जिल्ह्यात आणि टनेलच्या पलीकडचं सिस्सू लाहौल-स्पितीत. हवामान खात्याचे अलर्ट जिल्ह्याप्रमाणे येतात, त्यामुळे तू नुसतं मनाली टाकून बघशील तर पलीकडचं तुला काहीच कळणार नाही. दोन्ही जिल्हे बघायचे. मौसम नावाचं खात्याचं ॲप आहे, आणि सचेत म्हणून आपत्ती व्यवस्थापनवाल्यांचं, दोन्ही आजच टाकून घे. आणि उंचीचं पण डोक्यात ठेव, मनाली दोन हजार मीटरच्या आसपास, टनेलचं तोंड तीन हजारांच्या वर. हजार मीटर वर गेलं की साधारण सहा-सात डिग्री कमी, म्हणजे मनालीत भुरभुर पाऊस लागला की वर बर्फच समज.

रंगांचं पण सांगतो. त्या दिवशी यलो होता, मी म्हणलं रेड नाहीये ना मग चला. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत रहा, रेड म्हणजे आता हालचाल करा. आपण ते सिग्नलसारखं वाचतो, पिवळा दिसला की ॲक्सिलरेटर दाबायचा, नाशिकच्या सीबीएस चौकात बघितलंयसच तू. यलोला बाहेर पडायला हरकत नाही पण दर दोन तासांनी परत बघायचं आणि कुठून परत फिरायचं ते आधी ठरवून निघायचं. ऑरेंजला टनेलचं नाव काढायचं नाही, माझं तरी आता असं आहे. त्यात हिमस्खलनाचा इशारा वेगळा असतो, तो चंदीगडची डीआरडीओची संस्था देते, डीजीआरई म्हणून. मोठा बर्फ पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी मस्त ऊन पडतं, सगळे फोटोला पळतात, आणि उतारावरचा ताजा बर्फ नेमका तेव्हाच बसलेला नसतो. ऊन पडलं म्हणजे सुटलो असं नाही.

आता अडकलो कसे ते. बारा वाजता सिस्सूला पहिले कण पडले, पोरं नाचायला लागली, ही म्हणाली अजून अर्धा तास, मी म्हणलं दीड तास. टनेल ९.०२ किलोमीटरचा आहे, २०२० मध्ये चालू झाला, त्याआधी रोहतांग खिंडीत बर्फ पडला की लाहौल महिनोन्महिने तुटलेलं असायचं, आपल्यासारखा माणूस फेब्रुवारीत तिथे पोचूच शकत नव्हता. आता जीन्स आणि भाड्याचे गमबूट घालून दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे. जाणं सोपं झालंय रे, हवा तीच आहे. टनेलमधून इकडे बाहेर आलो तर समोर काही दिसेना, पुढच्या इनोव्हाचे फक्त लाल दिवे. आपण कसारा घाटात जुलैचं धुकं बघितलंय, तेव्हा वाटलं सवय आहे, पण धुक्यात गाडी आपलं ऐकते आणि बर्फात ऐकत नाही, हा फरक मला त्या दिवशी कळला. आमच्यापुढची एक हॅचबॅक, दिल्लीकडची, त्याने ब्रेक मारला आणि गाडी अगदी निवांत, घाई नसल्यासारखी, आडवी होत कडेच्या बर्फाच्या भिंतीला जाऊन टेकली. आवाज पण नाही. मग मागे सगळंच थांबलं.

आमचा ड्रायव्हर कुलूकडचा, पन्नाशीचा, बोलणं कमी. त्याने पहिलं काम काय केलं, इंजिन बंद केलं. थोड्या वेळाने ही म्हणाली हिटर चालू ठेवा ना, पोरं गारठलीत. तो उतरला, स्टीलची ताटली घेऊन मागे गेला, सायलेन्सरच्या तोंडाभोवतीचा बर्फ खरवडून काढला, परत आला, वारा लागत नव्हता त्या बाजूची काच बोटभर खाली केली आणि मग दहा मिनिटं इंजिन चालवलं. परत बंद. रात्री साडेअकरापर्यंत दर तासाला हेच, ताटली, काच, दहा मिनिटं. मला वाटलं डिझेल वाचवतोय, मनात शिव्या पण घातल्या, खोटं कशाला बोलू. घरी आल्यावर वाचलं की जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरी म्हणून हिल स्टेशन आहे तिथे बर्फात गाड्या अडकून वीसच्या वर माणसं गेली. सायलेन्सर बर्फाने बुजला की कार्बन मोनॉक्साईड आत येतो, त्याला ना वास ना रंग, माणूस उबेत झोपतो आणि उठत नाही. ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

नऊच्या सुमारास मी त्याला विचारलं, तुम्हाला सकाळी माहीत होतं का असं होणार. म्हणाला, "पता तो था साब, पर मना करता तो आप पैसा काट लेते." आणि संद्या, कापले असते रे. मी सकाळी हॉटेलच्या दारात त्याच्याशी दोनशे रुपयांवरून घासाघीस केलेली.

म्हणून मी म्हणतो, बाकी काही केलं नाहीस तरी हे कर. निघायच्या आधी ड्रायव्हरला शांतपणे सांग, सोलंगवरून परत फिरायला लागलं तरी दिवसाचे पूर्ण पैसे, आणि तो म्हणेल तिथून मागे. तुझ्या टूरवाल्याने रिफंड नाही असं छापलेलं असणार, आमच्याही होतं, आणि त्या एका ओळीपायी सकाळी गाडीतला एकही माणूस खरं बोलत नव्हता. सहा दिवसांतला एक दिवस कोरा ठेव, काहीच न ठरवता, म्हणजे सिस्सू हुकलं तर त्या दिवशी करता येईल. स्वतः गाडी चालवायचा विचार असेल तर सोड. चेन कुठल्या चाकांना लावायच्या हे पण आपल्याला माहीत नसतं, इंजिनची ताकद ज्या चाकांना जाते त्यांना लावतात, आपल्या बहुतेक गाड्यांना पुढे. उतारावर न्यूट्रल नाही, क्लच नाही, खालच्या गिअरला सोडून द्यायची. आणि दुपारी तीनच्या आत खाली. दिवसा वितळलेलं पाणी ऊन गेलं की डांबरावर काचेसारखं गोठतं, नुसता ओला रस्ता वाटतो.

काकूंचं इन्शुलिन बॅगेत ठेवू नको, ते गोठलं की फेकून द्यायचं असतं, स्वेटरच्या आत अंगालगत ठेव. बीपीचं डॉक्टरांना विचारून घे, ते मी काय सांगू. कॉटनच्या जीन्स नको, ओल्या झाल्या की वाळत नाहीत. सुके मोजे जास्तीचे, पाणी, आणि कोंडाजीचा चिवडा दोन किलो घे, आम्ही आठ तास अर्ध्या किलोवर काढले, शेजारच्या गाडीतल्या बंगाली आजोबांना पण दिला आणि ते अजून मला मेसेज करतात चिवड्याबद्दल. मोबाईल थंडीत चाळीस टक्क्यांवरून फटकन बंद पडतो, माझा पडला, काखेत धरून परत चालू केला. ११२ हा इमर्जन्सीचा नंबर आधीच एकदा आठवून ठेव. आणि काहीही झालं तरी गाडी सोडून चालत निघायचं नाही, आमच्या मागचे तिघे निघाले होते, पोलिसांनी परत आणून बसवले.

शेवटी एक जेसीबी आला, एक लेन मोकळी केली, पोलीस एकेक गाडी हाताने इशारा करत सोडत होते, थंडीत त्यातल्या एका तरुण पोलिसाच्या भुवयांवर बर्फ जमला होता. आम्ही नशीबवान, रांगेच्या मध्यावर होतो. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच सोलंगच्या पट्ट्यात हजारेक गाड्या अडकलेल्या आणि हजारो लोकांना काढायला लागलं होतं, पेपरात मोठं आलेलं, मी तेव्हा वाचलं होतं. वाचून पण गेलो.

हॉटेलवर पोचल्यावर सासऱ्यांचे चौदा मिस्ड कॉल. फोन लावला तर काही बोलले नाहीत, एवढंच म्हणाले, "पोरं जेवली का?" हे मला जास्त लागलं.

तुझ्या तारखा पाठव, मी त्यांना देतो, ते रोज बघून तुला फोन करतील, आणि केला तर कृपा करून हसू नको. आमचं मोठं जॅकेट पुण्याला येणाऱ्या भाच्याबरोबर रविवारी पाठवतो. काकूंना होईल. डाव्या खिशाची झिप अडकते, ओढू नका, आधी थोडी खाली घेऊन मग वर करायची.

वहिनींना नमस्कार, पोरांना पापा.

तुझा,
पक्या