दूरस्थ सिरियल कन्सोल कर्नल सुरू होताच बंद पडत असल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

कोल्हापूरजवळ शिरोली औद्योगिक वसाहतीत आमची फाउंड्री असून, मालाच्या नोंदी व चलने ज्या सर्व्हरवर चालतात तो आम्ही आपल्या पुण्यातील डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतला आहे. फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम आणि दूरस्थ सिरियल कन्सोल (सर्व्हरचे संदेश दुरून पाहण्याची व त्याला आज्ञा देण्याची सोय) या दोन्ही सुविधा आपल्या योजनेत स्पष्ट नमूद होत्या, म्हणूनच आम्ही जास्त भाड्याची योजना निवडली. पंचगंगेला मोठा पूर आला की शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येते. २०१९ आणि २०२१ मध्ये तो याच कारणाने बंद होता. अशा वेळी पुण्याला माणूस पाठवता येत नाही.

गेल्या महिन्यात सर्व्हर अचानक बंद पडून पुन्हा सुरू झाला, तेव्हा फाइल सिस्टीमची तपासणी अर्धवट राहून तो सिंगल युजर मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठीच्या मर्यादित अवस्थेत, थांबला. त्या अवस्थेत नेटवर्क सुरू झालेले नसल्याने एसएसएच (नेटवर्कवरून सर्व्हरमध्ये प्रवेश करण्याची सोय) चालत नाही आणि कन्सोल हाच एक मार्ग उरतो. परंतु आयपीएमआय या सर्व्हर दुरून हाताळण्याच्या यंत्रणेवरून कन्सोल उघडल्यावर बायोसचे (यंत्र सुरू करणारा प्रोग्राम) आणि लोडरचे (ऑपरेटिंग सिस्टीम चढवणारा प्रोग्राम) संदेश दिसले व कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, सुरू होताच पडदा कोरा झाला. आपल्या तंत्रज्ञाने मॉनिटर जोडेपर्यंत आमच्या गाड्या भरून उभ्या होत्या.

आपल्या मदत विभागाने "दोष ऑपरेटिंग सिस्टीमचा आहे, लिनक्स घ्या" असे उत्तर देऊन तक्रार बंद केली. हे उत्तर आम्हाला मान्य नाही. सर्व्हर सुरळीत असताना आम्ही कन्सोल उघडा ठेवला आणि एसएसएचने आत जाऊन दुसऱ्या सिरियल पोर्टवर १,१५,२०० बॉडच्या वेगाने मजकूर पाठवला. तो कन्सोलवर जसाच्या तसा उमटला. म्हणजे आपल्या यंत्राचा कन्सोल कॉम-२ ला (दुसऱ्या सिरियल पोर्टला) जोडलेला आहे, तर आपण दिलेली इमेज (ऑपरेटिंग सिस्टीमची तयार प्रत) कॉम-१ वर (पहिल्या पोर्टवर) ९,६०० च्या वेगाने बोलते. लोडरच्या फाइलमध्ये कॉम-२ पोर्टचा पत्ता ०x२एफ८ आणि योग्य वेग लिहिताच कर्नलचे सर्व संदेश आणि लॉगिन दिसू लागले. पोर्ट व वेग ही माहिती आम्ही वारंवार विचारली होती. ती सांगायला आपल्याला एक ओळ पुरली असती.

आमच्या डिस्कवरील दुरुस्ती आम्ही केली आहे, परंतु रेस्क्यू इमेज (बिघाडाच्या वेळी सर्व्हर सुरू करण्याची प्रत) आपल्या ताब्यात असून तिच्यात तीच चूक कायम आहे. डिस्कच नादुरुस्त झाली तर आम्ही पुन्हा आंधळेच राहू. म्हणून ती इमेज आणि पुनर्स्थापनेची इमेज त्वरित दुरुस्त करावी, यंत्रनिहाय पोर्ट व वेग ग्राहकांना लेखी कळवावा आणि बंद केलेली तक्रार पुन्हा उघडावी. कन्सोल उपलब्ध नसलेल्या काळाचे जादा भाडेही परत मिळावे, ही आमची मागणी आहे. लेखी उत्तर आठ दिवसांत मिळावे.

आपला,
संगणक विभाग प्रमुख
शिरोली, जि. कोल्हापूर