सूचना: झांक्यांच्या रात्री अपस्माराच्या मुलांची काळजी

सभासद पालकहो, नमस्कार.

अनंत चतुर्दशीला इंदूरच्या गिरण्यांच्या झांक्या (सजवलेल्या देखाव्यांची मिरवणूक) रात्रभर चालतात. फीट येणाऱ्या मुलांना जागरण बाधतं, झटका येण्याचं ते एक मोठं कारण आहे. त्यामुळे सुरुवातीच्या झांक्या दाखवून त्यांना वेळेवर घरी न्या. मूल हिरमुसेल, तरी न्याच. रात्रीची गोळी चुकवू नका.

कोणाला झटका आलाच तर गर्दी हटवा, मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा आणि घड्याळ बघा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, पाणी, काहीही घालू नका. कांदा-चप्पल हुंगवून झटका थांबत नाही, कळकळीची विनंती, ते करूच नका. झटका ५ मिनिटांहून लांबला, किंवा शुद्ध येण्याआधी दुसरा आला, तर १०८ला फोन करा.

बरेच महिने झटका नाही म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नका.