हॉबिट बुटके दिसले ते सेटवरच्या करामतीने

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ चित्रपटांवरील लेखात (रविवार पुरवणी) हॉबिटांच्या, म्हणजे त्यातल्या बुटक्या जमातीच्या, बुटकेपणाचे सगळे श्रेय संगणकाला दिले आहे. ते पटले नाही. घोडागाडीत हॉबिट फ्रोडो उंच जादूगार गँडाल्फच्या शेजारी नव्हे, काही फूट मागे बसलाय, म्हणून लहान दिसतो. कॅमेऱ्याला मात्र दोघे खांद्याला खांदा लावून दिसतात. खरी पंचाईत कॅमेरा हलला की होते. जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी, आणि बनाव उघडा पडतो. म्हणून बिल्बो या हॉबिटाच्या घरातल्या प्रसंगात टेबलाचे दोन भाग करून नटालाही सरकत्या फळीवर बसवले, कॅमेऱ्याच्या चालीशी मोटरने जुळवून. बिचारे नट! समोरच्याऐवजी भलतीकडेच बघत संवाद म्हणायचे. हॉबिटांचे फोम लेटेक्सचे (मऊ रबरी फेसाचे) नकली केसाळ पाय तर काढताना फाटत, त्यामुळे रोज नवी जोडी.

– एक वाचक, पुणे